लहान मुलं सांभाळत शाळेत नर्सची नोकरी: निर्णय घेण्यापासून रुजू होण्यापर्यंत

हॉस्पिटलमधली नाइट ड्यूटी संपवून घरी यायचं, डोळ्यांवर झोप असताना डबा भरायचा, मुलाला शाळेच्या रिक्षेत बसवायचं आणि मग तो दुपारी परत येईपर्यंत जमेल तेवढं झोपायचं. वॉर्डात काम करणाऱ्या आणि घरी लहान मूल असलेल्या बहुतेक सिस्टर्सच्या मनात या धावपळीत कधी ना कधी शाळेतल्या नोकरीचा विचार येतो. रविवार आपला, दिवाळी आपली, रात्र आपली. हे सगळं खरं आहे आणि त्यासाठी नोकरी बदलण्यात काहीच गैर नाही. पण अर्ज करण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. शाळेत तुम्ही बहुधा एकट्याच नर्स असता. औषधोपचाराचा निर्णय घेताना शेजारी कुणी नसतं आणि तुमचं स्वतःचं मूल आजारी पडलं तर ड्यूटी बदलून घ्यायलाही कुणी नसतं. या दोन प्रश्नांची उत्तरं ज्या शाळेत नीट मिळतील तिथली नोकरी उत्तम. ती कशी ओळखायची, तेच पुढे पायरीपायरीने सांगते.

पहिली पायरी: घराचं वेळापत्रक कागदावर मांडा

शाळेची नोकरी म्हणजे मुलांच्या वेळा आपोआप जुळल्या, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तसं होतंच असं नाही. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश काढला की पूर्व-प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत. मोठ्या मुलांचे वर्ग मात्र अनेक शाळांत सातच्या सुमारास सुरू होतात आणि नर्सला पहिली बस आत येण्याआधी हजर राहावं लागतं. म्हणजे तुम्ही पावणेसातला शाळेत आणि तुमचा पहिलीतला मुलगा नऊपर्यंत घरी. हे सव्वादोन तास कोण सांभाळणार? सासूबाई, नवरा, शेजारच्या काकू, पाळणाघर, ज्याचं त्याचं नाव त्या रकान्यात लिहा. दुपारचंही तसंच. मुलं अडीचला सुटली तरी शेवटची बस निघेपर्यंत आणि खेळाचा सराव संपेपर्यंत नर्सने थांबावं, अशी बऱ्याच शाळांची अपेक्षा असते.

सुट्ट्यांचं गणित वेगळं. सीबीएसई शाळांचं वर्ष साधारण एप्रिलमध्ये सुरू होतं. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यात उघडतात, विदर्भात त्याहून उशिरा. तुमची नोकरी सीबीएसई शाळेत आणि मूल मराठी शाळेत असेल तर मे महिन्याची सुट्टी पूर्ण जुळणार नाही. गणपतीच्या आणि दिवाळीच्या सुट्ट्याही दोन्हीकडे पुढेमागे असतात. दोन्ही शाळांची कॅलेंडरं शेजारी ठेवा आणि न जुळणारे दिवस लाल पेनने खुणवा. एवढं केलं की निम्मा संभ्रम दूर होतो.

दुसरी पायरी: आपलं मूल तापलं तर काय, ते आधी ठरवा

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि मुलाखतीला जाणाऱ्या फार थोड्या जणी तो काढतात. हॉस्पिटलमध्ये मुलाला ताप आला तर आपण इन्चार्ज सिस्टरला फोन करतो, मैत्रिणीशी ड्यूटी बदलतो, नाहीच जमलं तर अर्धा दिवस तरी मिळतो. शाळेत हजार मुलांमागे एकच नर्स असते आणि ती नसली की सिक रूमला, म्हणजे आजारी मुलांच्या खोलीला, कुलूप. मुख्याध्यापिका रजा देतात, पण नाखुशीने, आणि पाऊस सुरू होऊन तापाची साथ आली की तुमच्या मुलालाही ताप येतो आणि शाळेतल्या चाळीस जणांनाही. तुमची सगळ्यात जास्त गरज दोन्हीकडे एकाच वेळी लागते.

म्हणून विचारा: मी रजेवर असले तर माझ्या जागी कोण? प्रथमोपचाराचं रीतसर प्रशिक्षण घेतलेले शिक्षक किती आहेत? त्याच संस्थेच्या दुसऱ्या शाखेतून नर्स येऊ शकते का? काही मोठ्या शाळांमध्ये दोन नर्स असतात. पगार थोडा कमी असला तरी मूल तीन वर्षांखालचं असताना अशी जागा आधी बघा. आणि घरी नवऱ्याशीही ठरवा की पहिल्या दिवसाची रजा तुमची, तर दुसऱ्या दिवसाची त्याची. हे बोलणं ताप नसताना झालेलं बरं.

तिसरी पायरी: पात्रता आणि कागदपत्रं

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची चालू नोंदणी ही खाजगी शाळांची नेहमीची अट असते. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविकेचा कोर्स) झालेल्यांनाही काही शाळा घेतात, विशेषतः जिथे आधीपासून एक स्टाफ नर्स आहे. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे (कार्यशाळा, प्रशिक्षणं केल्यावर मिळणारे) गुण लागतात. बाळंतपणात नोकरीला खंड पडला असेल तर बहुधा हेच राहून गेलेलं असतं. आधी ते पूर्ण करा. दुसऱ्या राज्यातून आला असाल तर नोंदणी इकडे वर्ग करून घ्यायला वेळ लागतो, तो हिशोबात धरा.

जुन्या हॉस्पिटलचं अनुभव पत्र आणि रिलीव्हिंग लेटर हातात असू द्या. अनुभव पत्रात नुसतं ‘स्टाफ नर्स’ लिहून घेऊ नका. बालरुग्ण विभाग, कॅज्युअल्टी (तातडीच्या रुग्णांचा विभाग) किंवा एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) काम केलं असेल तर तसा स्पष्ट उल्लेख मागा. शाळेला कॅज्युअल्टीत काम केलेली नर्स हवी असते. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखलाही लागतो.

चौथी पायरी: जागा कुठे असतात

खाजगी सीबीएसई, आयसीएसई आणि आंतरराष्ट्रीय शाळा हा सगळ्यात मोठा भाग. त्यांची भरती साधारण जानेवारी ते मार्च चालते, राज्य मंडळाच्या खाजगी शाळांची एप्रिल ते जून. जाहिरातीची वाट बघत बसू नका. घरापासून पाच किलोमीटरच्या आतल्या शाळांची यादी करा आणि बायोडेटा स्वतः नेऊन द्या. मूल लहान असताना हे अंतर पगाराइतकंच महत्त्वाचं असतं. काही शाळा नर्स थेट न नेमता एखाद्या आरोग्यसेवा कंपनीमार्फत घेतात. तिथे मालक कंपनी असते, त्यामुळे शाळेच्या कर्मचाऱ्यांना मिळणारी फी-सवलत तुम्हाला मिळेलच असं नाही.

केंद्रीय विद्यालयं शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीच्या आधी थेट मुलाखतीने कंत्राटी नर्स घेतात. काम शाळेच्या वेळेपुरतं असतं. मानधन कामाच्या दिवसांवर मिळणार की दरमहा, हे मुलाखतीच्या दिवशीच विचारून घ्या. दिवाळी आणि मे महिन्याचं गणित त्यावर ठरतं.

नवोदय विद्यालयात स्त्री स्टाफ नर्सचं नियमित पद असतं, सातव्या वेतनस्तराचं, म्हणजे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून. आदिवासी मुलांसाठीच्या एकलव्य निवासी शाळांमध्येही असं पद असून ते पाचव्या स्तराचं, २९,२०० पासून आहे. दोन्ही शाळा निवासी, राहणं आवारातच. सिक रूम आणि आपलं घर यांत दोन मिनिटांचं अंतर, बाळाला दूध पाजून परत येता येतं, हा मोठा फायदा. पण वसतिगृहातल्या मुलाला रात्री दोन वाजता ताप आला तर दार तुमचंच वाजतं. नेमणूक देशात कुठेही होऊ शकते आणि जाहिरातीत हॉस्पिटलमधल्या अनुभवाची अट असते. या वाटेने जायचं असेल तर तो अनुभव पूर्ण होण्याआधी वॉर्ड सोडू नका.

आणखी एक वाट फारशी चर्चेत नसते: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ मध्ये पालघरमधून त्याची सुरुवात झाली. त्यातल्या फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक फार्मासिस्ट आणि एक एएनएम किंवा स्टाफ नर्स असते. अंगणवाड्यांमधली तपासणी वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळांची एकदा. जन्मजात व्यंग, आजार, कमतरता आणि वाढीतला उशीर यांचा शोध घेऊन मुलांना पुढच्या उपचारांसाठी पाठवायचं. जागा कंत्राटी असतात, तालुकाभर गाडीने फिरावं लागतं, पण काम दिवसाचं असतं आणि पथकात डॉक्टर सोबत असतात. एकटीने निर्णय घ्यायची धास्ती वाटत असेल तर सुरुवातीला हे बरं.

पाचवी पायरी: काम समजून घ्या

‘पट्टी बांधायची, पालकांना फोन करायचा’ एवढंच काम असतं असं सांगणारे भेटतील. गुडघे खरचटणं, घोळणा फुटणं (नाकातून रक्त येणं), पोटदुखी, ताप हे रोजचं आहेच. मात्र कसब लागतं ते कोणतं मूल वर्गात परत पाठवायचं, कोणतं घरी आणि कोणतं थेट हॉस्पिटलला, हे ठरवायला. इथे मॉनिटर नाही, आरएमओ (निवासी डॉक्टर) नाही, लॅब नाही. तुमचे डोळे, थर्मामीटर, पल्स ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर आणि घड्याळ. आकडी आली की पहिलं काम वेळ बघणं, मग कुशीवर वळवणं, तोंडात काही न घालणं आणि जमलेल्या मुलांना बाहेर काढणं. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ची रुग्णवाहिका. पडून कायमचा दात पूर्ण निघाला तर तो मुळाला हात न लावता दुधात ठेवून ताबडतोब दंतवैद्याकडे. हे सगळं हातात बसलेलं हवं, तिथे पुस्तक उघडायला वेळ नसतो.

दीर्घकालीन आजार असलेली मुलं ही वेगळी जबाबदारी. टाइप १ मधुमेह असलेलं मूल शाळेत असेल तर मधल्या सुट्टीआधी साखर तपासणं, डब्यात पोहे आहेत की पोळी-भाजी ते बघणं, खेळाचा तास असेल तर त्याआधी खाल्लं का ते विचारणं हे रोज करावं लागतं. साखर ७० च्या खाली गेली तर ग्लुकोज किंवा साखरेचं पाणी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, आणि मूल शुद्धीवर नसेल तर तोंडातून काहीही नाही. हे सगळं त्या मुलाच्या डॉक्टरांनी लेखी दिलेल्या सूचनांप्रमाणे. दम्याच्या मुलाचा पंप दप्तराच्या तळाशी सापडतो आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) घरी राहिलेला असतो, म्हणून सिक रूममध्ये एक जादा स्पेसर ठेवून घ्या.

रजिस्टरबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण या नोकरीत ते स्टेथोस्कोपइतकंच कामाला येतं. नाव, इयत्ता, तक्रार, दिलेला उपचार यांबरोबर ‘आल्याची वेळ’ हा रकाना कटाक्षाने भरा. दुसरीतली एक मुलगी वरचेवर पोट दुखतंय म्हणून माझ्याकडे यायची. पोट मऊ, ताप नाही, थोडा वेळ पडली की बरी. रजिस्टर उलटं चाळलं तेव्हा दिसलं की ती नेहमी शेवटच्या तासालाच येते. बोलतं केल्यावर कळलं की शाळेतल्या स्वच्छतागृहाची कडी तिला आतून उघडता येत नाही, म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नव्हती आणि लघवी दाबून बसत होती. सुताराने कडी खाली बसवली, वर्गशिक्षिकेने पाणी प्यायची आठवण ठेवली. औषधाची गोळी लागलीच नाही. अशा गोष्टी वॉर्डात आपल्या हाती फार कमी लागतात आणि मला या कामाची ओढ वाटते ती यामुळेच.

साथीच्या काळात कामाचं स्वरूप बदलतं. २०२२ मध्ये मुंबईत गोवरची साथ आली, २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे आले. कोणत्या मुलाने किती दिवस घरी राहायचं, हे पालकांना समजावताना वाद होतात. कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मूल वर्गात घ्यायचं नाही, यावर ठाम राहावं लागतं. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाचं नियोजन, किशोरवयीन मुलांच्या साप्ताहिक लोहाच्या गोळ्या, वार्षिक तपासणीची कार्डं हेही शाळेनुसार तुमच्याकडे येतं.

सहावी पायरी: औषधं आणि कायदा

शाळेने नेमलेल्या डॉक्टरांनी सही केलेले कायमस्वरूपी लेखी आदेश असल्याशिवाय कोणतंही औषध देऊ नका, साधं पॅरासिटामॉलसुद्धा. आदेशात वजनानुसार मात्रा हवी. प्रत्येक मुलाच्या आरोग्य अर्जावर ॲलर्जीची नोंद आणि पालकांची संमती हवी. तीव्र ॲलर्जीसाठी ॲड्रेनालिन ठेवायचं का, कोणी आणि किती द्यायचं, हेही त्या आदेशात असलं पाहिजे. ‘सिस्टर, तुम्ही बघून द्या ना’ असं तोंडी सांगणारी शाळा अडचणीच्या वेळी तुमच्या मागे उभी राहीलच याची खात्री नसते.

दुसरा मुद्दा पोक्सोचा, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या कायद्याचा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका असली तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. लहान मुलं दुखणं सांगायला आधी सिस्टरकडेच येतात. अशा वेळी मुलाला उलटसुलट प्रश्न विचारू नका, ते जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि शाळेच्या नावाचा विचार करून थांबू नका. १०९८ हा बाल मदत क्रमांक भिंतीवर लावा. ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या घटनेनंतर शाळा याबाबतीत सावध झाल्या आहेत, तरीही कळवण्याची लेखी पद्धत काय आहे, हे रुजू होण्याआधी विचाराच.

सातवी पायरी: पैशाचा खरा हिशोब

खाजगी शाळेचा पगार मोठ्या हॉस्पिटलपेक्षा बहुधा कमी असतो आणि नाइटचा भत्ता जातो. दुसऱ्या बाजूला पाळणाघराचे जादा तास, रात्री मूल सांभाळायला ठेवलेल्या बाईचा पगार, उशिरा सुटल्यावर करावी लागणारी रिक्षा हे खर्च वाचतात. दोन्ही रकाने भरा. स्वतःच्या मुलाला फी-सवलत असेल तर ती किती, प्रवेशशुल्कावरही आहे का, दुसऱ्या मुलाला मिळते का आणि नोकरी सोडल्यावर त्या वर्षाची फी भरावी लागते का, हे लेखी घ्या. मे महिन्याचा पगार मिळतो का, पीएफ कापला जातो का, करार दरवर्षी नवा होतो का, हेही विचारा. दरवर्षी मार्चमध्ये संपून जूनमध्ये सुरू होणारा करार असेल तर मधले महिने बिनपगारी जातात आणि सलग नोकरीही धरली जात नाही.

स्वतःचं मूल त्याच शाळेत असेल तर

सोय मोठी आहे, पण काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. बालवाडीतलं मूल पहिले काही आठवडे रडत सिक रूमकडे धावणारच. वर्गशिक्षिकेशी बोलून एक नियम करा: इतर मुलांसारखं तुमचं मूलही शिक्षिकेची चिठ्ठी घेऊनच येईल. त्याला लागलं तर तुम्हीच बघाल, पण हॉस्पिटलला न्यायची वेळ आली तर तुमच्यामागे सिक रूम कोण सांभाळेल, हे मुख्याध्यापिकेशी बोलून ठेवा. आणि दुसऱ्या पालकांची मुलं तुमच्याकडे येतात, म्हणून सोसायटीत किंवा वाढदिवसाच्या कार्यक्रमात त्यांच्या आजारांबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

स्वतःची तब्येत आणि घरातलं बाळ

शाळेत रोज नवे विषाणू भेटतात. उवा, डोळे येणं, हात-पाय-तोंडाचे फोड हे सगळं घरी जाऊ शकतं. शाळेचे कपडे आल्या आल्या बदला, हात-पाय धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नका. पुढचं मूल हवं असेल तर त्याआधीच कांजिण्या आणि रुबेलाची प्रतिकारशक्ती आहे का ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. या दोन्हींच्या लसी जिवंत विषाणूंच्या असल्याने गरोदरपणात देत नाहीत आणि घेतल्यावर किमान महिनाभर गर्भधारणा टाळायची असते. अंगावर पाजत असाल तर दूध काढायला सिक रूम वापरू नका, तिथे आजारी मुलं असतात. एखादी बंद होणारी खोली मागा आणि दूध ठेवायला औषधांचा फ्रीज वापरू नका.

आठवी पायरी: रुजू होण्याआधी हात पक्का करा

बीएलएसचं (जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपचारांचं) प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. ते ताजं करून घ्या आणि प्रशिक्षणात लहान मुलांचा सीपीआर (छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देणं) वेगळा करून दाखवायला सांगा. एकटीने देताना ३० दाब आणि २ श्वास, दोघी असाल तर १५ आणि २. जमलं तर ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांच्या ओपीडीत आठवडाभर बसा. निरोगी मूल कसं दिसतं, ते वॉर्डात कळत नाही.

मुलाखतीला गेलात की सिक रूम बघायला मागा. कॉट किती, हात धुवायला पाणी आत आहे का, दार रुग्णवाहिकेच्या वाटेच्या जवळ आहे का, औषधांची मुदत तपासलेली आहे का. कपाट उघडू द्यायला शाळा कां-कू करत असेल तर मी तिथे सही करणार नाही.

रुजू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात सगळ्या मुलांचे आरोग्य अर्ज वाचून काढा. दमा, आकडी, मधुमेह, हृदयविकार आणि तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलांची यादी फोटोसकट करा. एक प्रत तुमच्या कपाटात कुलपात, एक मुख्याध्यापिकेकडे, आणि त्या त्या वर्गशिक्षिकेला फक्त तिच्या वर्गातल्या मुलाची माहिती. पीटीच्या सरांना आणि बसमधल्या मावशींना आकडी आणि दम्यात काय करायचं ते प्रत्यक्ष करून दाखवा. तुम्ही रजेवर असाल त्या दिवशी ही मुलं त्यांच्याच हाती असणार आहेत.

मुलं मोठी झाल्यावर पुन्हा हॉस्पिटलला जायचं असेल तर परिषदेचे गुण दरवर्षी थोडे थोडे जमवत राहा आणि नूतनीकरणाची तारीख मोबाइलमध्ये सहा महिने आधीची लावून ठेवा. मे महिन्याच्या सुट्टीत जुन्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत काही दिवस काम करता येईल का, ते आधीच विचारून ठेवा. शाळेच्या करारात बाहेर काम करायला मनाई आहे का, हे मात्र त्याआधी वाचून घ्या.